पाठ फिरवण्याची रीत

गाडीत आम्ही तिघे होतो, आणि बराच वेळ कुणीच बोलले नव्हते.

लेस्टन गाडी चालवत होता. मधल्या जागेवर टेसा बसली होती. मी दाराला टेकून, काचेवर साचलेल्या तांबड्या धुळीतून बाहेर पाहत होते. काटेरी गवताचे पुंजके एकामागून एक मागे सरकत होते— गोल, पिवळट, आपापल्या सावलीवर बसून राहिलेले. इंजिनाची घरघर, मागे सुट्या झालेल्या जॅकचा खडखडाट, आणि या दोहोंच्या मधोमध ती शांतता... चौथ्या प्रवाशासारखी, जागा अडवून बसलेली.

तिला गाडीत मीच बसवले होते. एका वाक्याने.

खडकातल्या पाणवठ्याखाली वाळूचा एक पट्टा आहे. तिथे आम्ही बाटल्या भरायला थांबलो होतो. वाळूवर आदल्या संध्याकाळच्या पाऊलखुणा जशाच्या तशा होत्या. रात्रभर वारा पडलेला होता, आणि आमच्या मुलुखात वारा पडला की वाळू काहीच विसरत नाही. इथे माणूस चेहऱ्याच्या आधी पावलाने ओळखला जातो. लेस्टनचा डावा बूट बाहेरच्या कडेला झिजलेला आहे, हे मला कधीपासून ठाऊक आहे ते मलाही सांगता येणार नाही. त्या बुटांशेजारून टेसाचे नक्षीदार तळव्यांचे बूट चालले होते. त्याने आपली ढांग आखूड केली होती— तिच्या पावलाशी जुळावी म्हणून. पुढे काटेरी झुडपांपाशी तिची पावले संपली. एकदम, जणू ती तिथून उडून गेली. त्याची मात्र पुढे गेली होती, एकटी, संथ, आणि टाचेशी खोल रुतलेली.

बाटलीचे झाकण फिरवता फिरवता मी म्हणाले, "काल संध्याकाळी लेस्टनचं वजन फार वाढलेलं दिसतंय."

लेस्टन गप्प झाला. टेसा आधी हसली, मग तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तीही गप्प झाली.

आता पाऊण तासानंतर तिलाच ते सोसवेना.

"मला काटा रुतला होता गं," ती म्हणाली. "बुटाच्या आरपार. पाऊल टेकवत नव्हतं. म्हणून यानं गाडीपर्यंत उचलून आणलं. पिठाचं पोतं आणावं तसं!"

"पिठाचं पोतं इतकं बोलत नाही," लेस्टन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

ती खळखळून हसली. मीही हसले. हसले नसते, तर सगळे कळून चुकले असते.

टेसा अ‍ॅडलेडच्या एका संग्रहालयातून आली होती. वाळवंटातल्या प्राण्यांची पावले तिला टिपायची होती— त्यांचे साचे, चित्रे, मापे. त्यासाठी आमच्या हॅटन्स बोअर गावात लेस्टनइतका पावले वाचणारा दुसरा नव्हता. तो रेंजर. शेपटीच्या ओरखड्यावरून तो सांगतो की जनावर बिळातून पहाटे निघाले की तिन्हीसांजेला, भुकेले होते की भ्यालेले. तीन आठवडे ती दोघे रोज सकाळी निघत आणि उन्हे उतरल्यावर परतत. आजची फेरी मला मिळाली ती केवळ जाजाला, म्हणजे माझ्या आईच्या आईला, रंगासाठी तांबडी माती हवी होती म्हणून.

टेसा वाईट असती तर किती सोपे झाले असते! पण ती जाजाची लाकडे आणून देई. चुलीशी मांडी घालून बसे, शेंबड्या पोरांची नाके आपल्या बाहीने पुशी, न समजलेल्या थट्टेवर सगळ्यांच्या आधी हसे. हाच तिचा सर्वांत मोठा अपराध होता.

शुक्रवारच्या विमानाने ती जाणार होती. एकटी जाणार की नाही, एवढाच प्रश्न होता. संग्रहालयात वर्षभराचे काम होते, शेकडो जुने साचे वाचून सांगणाऱ्या माणसाचे, आणि ते तिने लेस्टनला देऊ केले होते. तो 'बघू' म्हणाला होता. आमच्याकडचा 'बघू' वीस मैल रुंद असतो. त्याच्या या काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही.

आणि मी? मी त्याची कोण होते?

मी नापुरुला, तो जापानांगका. ही नावे आमच्याकडे जन्माबरोबर येतात, आईबापांच्या नावांवरून ठरतात, आणि कोण कुणाचे काय लागते ते मग त्या नावांवरूनच ठरते. नापुरुलाचा नवरा जापानांगकांतलाच असायचा. त्यामुळे मी सहा वर्षांची असल्यापासून दुकानासमोर बसलेल्या बायका मला विचारत आल्या आहेत, "काय गं डेल्विना, तुझा नवरा जेवला का?" गावात मला अकरा नवरे आहेत. एक ऐंशी वर्षांचा आहे, त्याला दात नाहीत. एक दीड वर्षाचा आहे, त्याला ते नुकते येऊ लागलेत. लेस्टन त्या अकरांतला एक. फुटबॉलच्या मैदानावरून, पाण्याच्या टाकीवरून, शाळेच्या खिडकीतून तो मला 'बायको' अशी हाक मारत आला आहे. म्हणूनच तो शब्द माझ्या काही कामाचा नव्हता. इतक्या तोंडांनी चघळलेल्या शब्दात चव कुठून राहणार? आमच्या दोघांमध्ये सांगण्यासारखे जे काही होते, ते सांगायला भाषाच उरली नव्हती. ती आधीच थट्टेत संपून गेली होती.

बुधवारी दुपारी तो चित्रकेंद्रात आला. मी जमिनीवर कॅनव्हास पसरून त्याला काळ्या रंगाचा पहिला हात देत होते. दारातल्या उजेडात तो उभा राहिला, तेव्हा तो उजेड थोडा कमी झाला— आणि मला तरीही वर पाहायचे नव्हते.

"बायको, चहा आहे का?"

"अकरा नवऱ्यांना चहा पाजत बसले तर हे काम कोण करणार?"

"बाकीचे दहा कुठं येतात चहाला?"

"म्हातारा येतो की रोज. आणि तुझ्यापेक्षा गोड बोलतो."

"त्याला दात नाहीत. चावता येत नाही म्हणून गोड बोलतो."

त्याने स्वतःच किटलीतला चहा ओतून घेतला, तीन चमचे साखर घातली आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या शर्टाला धुराचा वास होता— सकाळी रेंजरांनी पूर्वेकडचे गवत जाळले होते.

"तुझ्या गालाला रंग लागलाय."

"राहू दे."

"पुसू?"

"ज्यांना काटे रुततात त्यांची सेवा कर. मला काही झालेलं नाही."

त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मग तो हळूच मागे गेला, कपाकडे.

"तू ती पावलं वाचलीस..." तो म्हणाला. "सगळी वाचलीस?"

"पुरेशी वाचली."

"हं."

"अ‍ॅडलेडला जाणार आहेस?"

तो चहाकडे पाहत राहिला. "तिथं एका खोलीत शंभर वर्षांपूर्वीची पावलं ठेवलीत म्हणे. कप्प्याकप्प्यांत. कुणाची आहेत ते कुणालाच माहीत नाही... जाऊ नको म्हणतेस?"

"मी कोण म्हणणारी?"

"बायको!" तो म्हणाला— आणि हसला.

त्या एका क्षणी त्याने न हसता तो शब्द उच्चारला असता, तर मी हातातला ब्रश तिथेच टाकला असता. पण तो हसला. तसाच, जसा सहा वर्षांचा असताना हसायचा. बाहेरून टेसाने हाक मारली, "लेस्टन! साचे वाळले!" त्याने कप खाली ठेवला आणि तो निघून गेला. कपात अर्धा चहा तसाच होता. त्यातून वाफ वर येत राहिली, आणि मी एखाद्या खुळ्या पोरीसारखी तिच्याकडे पाहत राहिले.

जाजा मागच्या झाडाखाली बसून चित्र काढत होती. काडीचे टोक रंगात बुडवायचे, ठिपका टेकवायचा, पुन्हा बुडवायचे. मी शेजारी बसले तरी तिने मान वर केली नाही.

"उद्या त्या पोरीला नाव देते," ती म्हणाली. "शुक्रवारी जाणार ती. बिननावाची कशी पाठवू? तीन आठवडे माझी लाकडं वाहिली तिनं. माझी नात करते तिला. नापुरुला. तुला बहीण नाही, तुला बहीण होईल."

माझी बहीण! म्हणजे माझे अकराही नवरे तिचे. म्हणजे लेस्टन तिला चारचौघांत 'बायको' म्हणणार, आणि तसे म्हणण्यात काहीही वावगे नसणार.

"नको!"

"का गं?"

"नात नको. तिला... तिला मुलगी कर. तुझी मुलगी."

काडी हवेतच थांबली. तिच्या टोकावर पिवळ्या रंगाचा थेंब जमत गेला.

जाजाला मुलगी एकच होती. ती माझी आई. मी नऊ वर्षांची असताना ती गेली. घरात तिला ज्या नावाने हाक मारत, ते आम्ही अजूनही उच्चारत नाही. जाजाची मुलगी म्हणजे नापालजारी, माझी मावशी, आणि आमच्यात मावशी ही आईच. जो कुणी मला खरोखर आपली म्हणेल, त्याची ती सासू. आणि जावई सासूशी बोलत नाही. तिच्याकडे पाहत नाही, तिच्या सावलीत उभा राहत नाही. ती समोरून आली तर पाठ फिरवून दुसऱ्या वाटेने जातो. यात रुसवा नाही. आमच्याकडे याहून मोठा मान नाही.

माझी आई गेल्यापासून लेस्टनने माझ्यासाठी कुणाकडे पाठ फिरवावी, असे कुणी उरलेच नव्हते.

"असं आहे होय," जाजा म्हणाली. मग ती हसू लागली, खोकला येईपर्यंत हसली. "तरी मी म्हणते, ही पोर तीन आठवडे आंबट बोर खाल्ल्यासारखं तोंड करून का फिरतेय!"

"जाजा, हसू नको."

"हसू नको तर काय करू? अगं, बाहेरच्या माणसाला नाव दिलं तरी ते इतकं कोण पाळतं? दवाखान्यातली नर्स अर्ध्या गावाची सासू लागते. सगळे जावई तिच्याकडून सुया टोचून घेतात आणि वर फुटबॉलच्या गप्पा मारतात. लेस्टन टेसाशी बोलला, तरी त्याला कुणी नावं ठेवणार नाही."

"माहीत आहे मला."

"मग पुढचंही माहीत असू दे." तिने काडी खाली ठेवली. आता ती हसत नव्हती. "नर्सला कुणी पोटची मुलगी केलेलं नाही. हिला मी करणार. त्यानंतर तो तिच्याशी बोलला, तर सगळ्यांदेखत सांगितल्यासारखं होईल त्यानं, की डेल्विनाची आई माझी कुणी नाही. मग मी त्याच्या घरी तुझ्यासाठी विचारायला जाणार नाही. तू त्याच्याशी थट्टासुद्धा करायची नाहीस. संपलं."

"आणि नाही बोलला तर?"

"तर त्याचं अ‍ॅडलेड संपलं. ज्या बाईच्या समोर उभं राहता येत नाही, तिच्या शेजारी बसून वर्षभर काम कसं करणार? ते तू तोडलेलं असशील. त्यानं नाही, मी नाही... तू. कायदा म्हणजे काय कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा दोर आहे का गं पोरी?"

माझ्याजवळ उत्तर होते, पण ते लाजिरवाणे होते: दोर असो की कायदा, तो तुटेल की टिकेल ते मला पाहायचे होते. न कळण्याचा मला वीट आला होता.

जाजाने आपल्या चित्राकडे बराच वेळ पाहिले. "तिची जागा रिकामीच आहे," ती शेवटी म्हणाली, इतक्या हळू की मला वाटले ती त्या चित्राशीच बोलते आहे. "मीच कुणाला बसू देत नव्हते... बरं. करते मुलगी. पण एक ऐक. ती तुझी आई झाली की झाली. उद्या पहिला घास तू तिला द्यायचास. आणि तो देताना तुझ्या डोळ्यांत आत्ता जे आहे, ते मला दिसता कामा नये."

गुरुवारी सकाळी चित्रकेंद्रासमोर जाळ पेटला. राखेत कांगारूच्या शेपट्या पुरल्या होत्या, डॅम्पर, म्हणजे राखेत भाजायची जाड रोटी, फुगत होती, आणि थंडीने आखडलेली कुत्री जाळाच्या जितकी जवळ येता येईल तितकी येऊन बसली होती. गाव हळूहळू गोळा झाले. लेस्टन चाळीस पावलांवर, रेंजरांच्या शेडसमोर, गाडीचे चाक बदलत होता. तो आलाही नव्हता आणि गेलाही नव्हता.

जाजाने टेसाचा हात आपल्या हातात घेतला. तिने मोठे भाषण केले नाही. "ही माझी मुलगी," ती म्हणाली. "नापालजारी."

बायकांमध्ये एक कुजबूज गेली आणि विरली. नात्याचा धागा त्यांनी एका श्वासात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून पाहिला होता. काहींनी माझ्याकडे पाहिले, काहींनी शेडकडे. माझा ऐंशी वर्षांचा नवरा आपल्या बोळक्या तोंडाने हसला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "आता आम्हा जापानांगकांची पंचाईत आली! मी म्हातारा आहे बुवा, मला दिसतच नाही. तरुणांनी काय ते बघावं!" आणि त्याने खरोखरच खुर्ची फिरवून टेसाकडे पाठ केली. सगळे हसले.

चाकाचा नट आवळण्याचा आवाज थांबला होता. त्याने ऐकले होते.

टेसाचे डोळे भरून आले होते. ती जाजाच्या गळ्यात पडली. मी शेपटीचा सर्वांत चरबट तुकडा रोटीवर ठेवून तिच्यापुढे धरला.

"मावशी, घे."

"मावशी?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. "अगं, मी तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे!"

"कालपर्यंत होतीस. आता बरीच मोठी झालीस."

तिने बोटे भाजत तो तुकडा तोंडात घातला, आणि तिच्या हनुवटीवरून ओघळलेली चरबी मी माझ्या बोटाने पुसली. का, ते मला माहीत नाही. तिच्या हनुवटीचा स्पर्श कोवळा होता. तिने मला काहीही केले नव्हते. माझ्या आईच्या जागेवर मी एका परक्या मुलीला बसवले होते, आणि तीही एका पुरुषाचे तोंड बंद व्हावे म्हणून... जाजा माझ्या डोळ्यांकडे पाहत होती. मी ते खाली वळवले.

वर पाहिले तेव्हा टेसा शेडच्या दिशेने निघाली होती. तिच्या हातात कागद होता, आनंदाने ती जवळजवळ धावतच होती.

"लेस्टन! ऐकलंस ना? मला नाव मिळालं!" ती त्याच्यापासून चार हातांवर थांबली. सकाळच्या उन्हात तिची लांब सावली गाडीपर्यंत, त्याच्या बुटांपर्यंत पोचली होती. "आणि हे बघ, विमान उद्या आहे. आता तुझं 'बघू' पुरे. तुझी जागा धरू की नको?"

लेस्टन सरळ उभा राहिला. हातात पाना तसाच.

त्याने पाहिले, तिच्याकडे नव्हे. तिच्या खांद्यावरून, जाळाच्या धुरातून, चाळीस पावलांवरून त्याने माझ्याकडे पाहिले. तो हसत नव्हता. इतक्या वर्षांत त्याचा न हसणारा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तो मला वाटला होता त्याहून वयाने मोठा होता. त्या चेहऱ्यावर राग होता का? होता, थोडा. हे कुणाचे काम आहे ते त्याने ओळखले होते. त्या खोलीतली शंभर वर्षांपूर्वीची पावलेही त्या चेहऱ्यावर होती. ती त्याला हवी होती. मला ओरडावेसे वाटले— बोल तिच्याशी! जा! मी परत घेते सगळे! पण माझ्या जिभेला त्या क्षणी एक शब्दही सापडला नाही. आणि खरे सांगायचे तर... मी तो शोधलाही नाही.

त्याने पाना बॉनेटवर ठेवला. आवाज होऊ नये इतका हळू ठेवला. मग तो दोन पावले मागे सरला, तिच्या सावलीबाहेर, आणि टोपीची कड तिच्या बाजूने खाली ओढून त्याने तिच्याकडे पाठ फिरवली.

"लेस्टन?" टेसाच्या हातातला कागद खाली आला. "मी काही चुकीचं बोलले का? अरे, हो की नाही, एवढंच तर सांग..."

जाळाभोवतीचे सगळे हात थांबले. कुणीतरी तोंडावर पदर धरावा तशी शालीची कड धरली. जाजाने मात्र वाकून राख उकरायला घेतली, जणू तिला हे सगळे जुनेच होते.

त्याचे घर आमच्या मागेच होते. टेसावरून सरळ आला असता, तर तो पन्नास पावलांत पोचला असता. त्याने दूरची वाट धरली. दुकानाला वळसा घालून, पेट्रोलपंपावरून, फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणाकडेने, भर उन्हात, अख्ख्या गावादेखत. टेसाने त्याला पुन्हा एकदा हाक मारली. त्याने मागे वळून पाहिले नाही, पावलांची घाई केली नाही; ती एवढी मोठी वाट तो शेवटपर्यंत चालत गेला, उत्तर न देता.